बोटाखालची होडी

"थांबा काका, होडी बुडतेय!" अंध यमुना म्हणाली. तिचं बोट हिरोजींच्याच कादंबरीच्या ब्रेल पानावरून सरकत होतं.

अंधांच्या वाचनालयात भांडायला आलेले हिरोजी तिच्या शेजारी टेकले. त्यांच्या चिमुकल्या बेटदेशात कायदा बदलला होता. अंधांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये छापायला आता लेखकाची परवानगी लागत नव्हती. त्याविरुद्ध हिरोजींनी रान उठवलं होतं.

जन्मभर त्यांनी वाचक पाहिले, पण वाचणारा नेमक्या कुठल्या शब्दावर पोचलाय, हे कधी दिसलं नव्हतं. आज दिसत होतं. बोट अडखळलं, मागं फिरलं, तीच ओळ पुन्हा चाचपू लागलं.

"जगेल ना हो तो नावाडी?" तिनं विचारलं.

होडी हिरोजींनीच बुडवली होती. तरीही ते श्वास रोखून त्या बोटाकडे पाहत राहिले.