शालीखालचा पाय

थायलंडमधल्या त्या विहाराच्या पायरीशी चपला काढल्या आणि विशाखाबाईंच्या टाचेत पहिल्याच पावलाला खिळा घुसल्यासारखी कळ गेली. मऊ चपलेशिवाय पाऊल टाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नागपूरहून निघतानाच त्यांनी लेकीला ठणकावलं होतं, "बुद्धाच्या दारात जाऊन बाहेर बसायला मी येत नाही."

कशीबशी वंदना झाली. पाय दुमडून बसणं मात्र जमेना. शेवटी त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी पाय लांब केला. तळवा थेट मूर्तीकडे.

"आई, पाय आत घे!" संघमित्रा कुजबुजली. "बुद्धांकडे तळवा केलेला इथं फार वाईट समजतात. गाईडनं सांगितलं होतं ना?"

"आपल्याकडं तरी कुठं चांगलं समजतात? जमलं असतं तर घेतला नसता का, बाई?"

तेवढ्यात मूर्तीजवळ बसलेली, मुंडण केलेली, पांढऱ्या वस्त्रांतली एक म्हातारी उपासिका उठली आणि सरळ त्यांच्याकडेच यायला लागली. विशाखाबाईंचा जीव अर्धा झाला. त्यांनी हात जोडले, टाचेकडे बोट दाखवलं. भाषा येत नव्हती; डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

खांद्यावरची शाल काढून, लेकराला पांघरूण घालावं तसा म्हातारीनं तो पाय झाकला. विशाखाबाईंनी मघापासून धरलेला श्वास सोडला.

म्हातारी मात्र परत गेली नाही. इकडंतिकडं बघत ती शेजारीच टेकली, स्वतःचा सुजलेला पाय हळूच लांब केला आणि शालीचं दुसरं टोक त्याच्यावर ओढून घेतलं.