मार की सोड

पडद्यावरचा म्हातारा गुडघ्यांवर आला आणि गयावया करू लागला. त्याच्या डोक्यावर दोन शब्द लुकलुकत होते : ‘मार’ आणि ‘सोड’.

ताईने ‘मार’ दाबलं. कुऱ्हाड खाली आली. पडदा लालभडक झाला.

“अगं, त्याने काय घोडं मारलं होतं तुझं?” धाकट्या भावाने विचारलं.

“काही नाही. वाटेत आला.”

खुर्चीत बसलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई हसल्या. “मारू द्या हो. म्हातारा गेला तरी चालेल, अंगठा वळला पाहिजे.”

गेमची कल्पना बाईंचीच. रबरी चेंडू दाबून दाबून ताई दोन दिवसांत कंटाळली, तेव्हा बाई म्हणाल्या, गेम आणा. बोटं आपोआप चालतील. धाकट्याने त्याच दिवशी आणला. त्यात राजाही होता येत होतं आणि लुटारूही. ताई पहिल्या दिवसापासून लुटारू झाली.

अडीच महिन्यांपूर्वी, भर दुपारी, तोंड बांधलेला एक माणूस ताईच्या लॅबमध्ये शिरला होता. तिथे ताई आणि तिचा नवरा कृत्रिम दात बनवायचे. प्लास्टरचे साचे फोडायचा हातोडा टेबलावरच होता. माणसाने तो उचलून नवऱ्याच्या डोक्यात चार वेळा घातला, मग ताईच्या उजव्या हातावर एकदा, आणि निघून गेला. ताईने पोलिसांना तसं सांगितलं. पॉलिशचं मशीन घरघरत होतं, त्यामुळे शेजाऱ्यांना काही ऐकू गेलं नाही. नवरा पांढऱ्याफटक जबड्यांच्या पसाऱ्यात पडला होता आणि ते सगळे जबडे लाल झाले होते.

पोलिसांना फोन धाकट्यानेच केला. तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. बहिणीच्या हाताचा एक्स-रेही त्यानेच काढला. याआधी दोनदा त्याने तिचे एक्स-रे काढले होते, एकदा बरगडीचा, एकदा मनगटाचा. दोन्ही वेळा ताई जिन्यावरून पडली होती.

“नशीबवान आहात,” फिल्म उजेडात धरून डॉक्टर म्हणाले होते. “दोन हाडं मोडलीत, पण सांधा एकही दुखावला नाही. पुन्हा दात कोराल.”

तेव्हापासून ताई धाकट्याकडेच होती. तो तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा, औषधाच्या वेळा सांभाळायचा. अख्खी आळी म्हणायची, भाऊ असावा तर असा. फक्त गेममध्ये ताईच्या लुटारूने कुऱ्हाड टाकून हातोडा उचलला की धाकटा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचा.

एकदा न राहवून तो म्हणाला, “लोक काय म्हणतील गं? विधवा बाई दिवसभर मुडदे पाडतेय! जरा चांगल्या बाजूने खेळून बघ.”

“तूच खेळून दाखव.”

धाकटा खेळला. त्याने सगळ्यांना सोडलं. ज्याने त्याच्यावर भाला फेकला, त्याच्याही जखमा बांधल्या. शेवटी गावाने त्याचा जयजयकार केला.

“एकालाही हात लावला नाहीस?” ताईने विचारलं.

“नाही जमत मला.”

“मला तो जयजयकार सोसत नाही बघ,” ती म्हणाली. “माझ्या बाजूने बरं आहे. ज्याने केलं, त्याच्याच नावाने लोक बोंबलतात.”

धाकटा कंट्रोलर बाजूला ठेवून तिच्या बोटांना तेल लावत बसला.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टरचा फोन आला. माणूस सापडला होता. लॅबमधलाच जुना मदतनीस. नवऱ्याने त्याला हाकलून दिलं होतं आणि त्याने चार लोकांसमोर ‘बघून घेईन’ असा दम भरला होता. आता ताईने ओळख पटवायची होती.

टॅक्सीत धाकटा तिच्या कानाशी लागला होता. “उंची तीच आहे. बांधा तोच आहे. तू नुसती मान हलव, ताई. मग सुटलो आपण.”

“दोन मुली आहेत त्याला. धाकटीला मीच बोट धरून चालायला शिकवलं, लॅबमध्ये.”

“मुलींचं काय घेऊन बसलीस?” धाकटा इतक्या जोरात खेकसला की टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. “पाय धरतो तुझे. एकदा मान हलव.”

टॅक्सी थांबताच ताई उतरून चालू लागली.

चौकीत काचेपलीकडे पाच जण उभे होते. मदतनीस तिसरा. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, शर्टावर रक्त वाळलं होतं. त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. शेजारच्याने दंडाला धरलं होतं.

“तोंड उघडत नाही अजून,” इन्स्पेक्टर म्हणाले. “पण उघडेल. तुम्ही एवढं सांगा, हाच ना?”

धाकट्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताई बराच वेळ त्या सुजलेल्या डोळ्याकडे बघत होती.

“हा नाही.”

“घाई करू नका. त्याचं तोंड बांधलेलं होतं, तुम्हीच म्हणालात. मग इतक्या खात्रीने कसं सांगता?”

“ताई, चल घरी,” धाकटा पुटपुटला. “तिला बरं नाहीये, साहेब.”

ताईने खांद्यावरचा त्याचा हात हळूच काढला आणि आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

“नवऱ्याच्या डोक्यात हातोडा मीच घातला, साहेब. माझा हात या धाकट्याने मोडला, मी सांगितलं म्हणून. फार रडत होता बिचारा.”