जुने भाडेकरू

"बाबा, संगणकाचं अपडेट परत अडकलं. जागा नाही म्हणतंय."

लेकीने फोन स्पीकरवर टाकला आणि मांडीवर झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे बाबांनी घसा खाकरला. जन्मभर त्यांनी लोकांचे सर्व्हर सांभाळले होते. पक्षाघातानंतर हातपाय सावरले, शब्द मात्र हरवले. त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहेत तेही शब्द जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग ते भरले असणार. ते, गं… भाडेकरू."

तिला हसू फुटलं. "कर्नेल, बाबा."

"तेच. सिस्टिमचा… गाभा. दर अपडेटला नवा येतो, आणि जुना काही खोली सोडत नाही."

"मग सगळ्या जुन्यांना हाकलू?"

"वेडी की खुळी! आधी बघ, आत्ता… चुलीवर कोण आहे."

"चालू कोण आहे, असंच ना?"

"हां. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या आधीचा एक ठेवायचा. उद्या नवा रुसून बसला, तर दार कोण उघडणार? बाकीचे… लाटून टाक."

"काढून टाक!" ती खदखदली. बाळ दचकलं, तिने थोपटलं.

"ठमे, एवढी शिकलीस, आणि दर आठवड्याला तेच रडगाणं?"

"आईवर गेलेय मी."

"ऐकतेय हं!" मागून आईचा आवाज आला.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"हो हो," झाकलेल्या ताटाकडे न बघता ती म्हणाली. "बघा, काढले जुने. सरकलं अपडेट! तुम्ही नसता तर काय केलं असतं मी?"

फोन ठेवून तिने बाळाला अलगद पाळण्यात निजवलं. केस विंचरायचे राहिले होते. पण बाळ उठायच्या आत एक काम उरकायचं होतं. ती पुन्हा संगणकासमोर बसली आणि काढलेली जुनी कर्नेल एकेक करून परत घातली. संगणक सुरू करणाऱ्या फायलींची, बूटची, ती इवलीशी जागा पुन्हा गच्च झाली. आज बाबांना 'गाभा' आठवला होता. तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

तिकडे आईने चहाचा कप बाबांपुढे सरकवला. "अहो, हिचा संगणक सारखा सारखा भरतो कसा?"

"भरतोय कसला! जुनी कर्नेल आपोआप निघून जायची सोय मीच तिथे लावून दिली होती, ती हिने मुद्दाम बंद केलीय," बाबा एका दमात म्हणाले. "आणि मी धडधडीत बोलायला लागलोय, हे तिच्या कानावर घालू नकोस. दिवसभर त्या चिमुरड्याशी एकटीच असते गं पोर. आज किती हसली, ऐकलंस ना?"