अष्टमीची नर्सबाई

या, जरा पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगायची आहे. देवाची नव्हे, पण देव कान देऊन ऐकेल अशी.

पनवेलच्या सभागृहात आरोग्य खात्याच्या अधिकारी अरुंधतीमॅडम राज्याच्या आरोग्य धोरणावर लोकांच्या सूचना ऐकत होत्या. मसुद्यातलं पहिलं उद्दिष्ट त्यांनी स्वतः लिहिलं होतं: 'दवाखाना प्रत्येक गावापासून तीन किलोमीटरच्या आत.' ज्या गावाला नाही, त्याला नवा मिळणार. त्या वाक्यावर मॅडमचा फार जीव.

मिठागरावरच्या सोनाबाई उठल्या. शेजारी सून मनस्वी, आठवा महिना लागलेली.

"मॅडम, आमचा गाव हाय का तुमच्या यादीत?"

मॅडमनी नकाशा पाहिला. "तुम्हाला नवा नाही लागणार, मावशी. जुना दोनच किलोमीटरवर आहे."

"दोन हाय, पन बगल्याला. तो उडत जातो. आमच्या मधी खाडी हाय. भरती असली का वळसा घालून चवदा."

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. पट्टी ठेवून अंतर त्यांनीच मोजलं होतं. पट्टीखाली पाणी आहे हे बघायचं राहून गेलं.

"मग आजवर कसं चाललं?"

"सत्यवती नर्सबाय येते ना. दर अष्टमीला. भरदुपारी सुकती असते, खाडी उतरते. डोईवर औषधाची पेटी आन गुडघाभर चिखल. सव्वीस वर्सां झाली. हिचा नवरा तिच्याच हातावर जन्मला."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाय ओ. बाय या म्हयन्यात रिटायर होते. तिचे उपकार सांगाला आलो. आन हिच्या टायमाला कोन येल, ते इचाराला."

मॅडमनी 'तीन किलोमीटर' खोडलं. वर लिहिलं: 'भर भरतीतही अर्ध्या तासात उपचार.' मग वाचून दाखवलं.

"मंजुरीचा शब्द माझ्या हातात नाही, मावशी. पण कागद आजच मंत्रालयात जाईल. आणि हिच्या बाळंतपणापर्यंत नर्स मी पाठवते, तिथी विचारून."

मनस्वीने तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.

"आन सत्यवतीबायचा नाव लिवलाव?"

"धोरणात माणसांची नावं नसतात हो."

सोनाबाईंनी मान हलवली, पण बसल्या नाहीत.

तर मंडळी, कागदावर जागा नाही. आज सांजवात लावाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत एक नाव वाढवा. सत्यवती.