वाचणारा एक, बघणारा एक

वर्गाबाहेरच्या बाकावर बसून आईने रुमालाचं टोक चावून ओलं केलं होतं. शेजारी तिची दुसरीतली मुलगी पाय हलवत बसली होती. घरात तिला सगळे पिटुकली म्हणत. बाईंनी बोलावलंय म्हणजे शाबासकीच मिळणार, अशी तिची समजूत.

"तिला वाचता येत नाही," असं बाईंनी फोनवर सांगितलं होतं. आईला खरंच वाटेना. रोज संध्याकाळी तर पोरगी घडाघडा धडा म्हणते!

सकाळी तिने नवऱ्याला 'तुम्हीही चला' म्हणून पाहिलं होतं.

"मी कसा येऊ? तू घरी, बदलीची बाई उद्यापासून येणार. आज औषधघरात मी एकटा," तो बूट चढवत म्हणाला. "त्यात तो नव्या कंपनीचा माल. सगळ्या बाटल्या पांढऱ्या, एकसारख्या. डोकं उठतं नुसतं."

"बाई विचारतील, घरात आणखी कुणाला असं आहे का."

"आमच्याकडे कुणाला नाही," तो तुटकपणे म्हणाला. मग जरा हसला. "खाण तशी माती. बघ बाई, तुझंच काहीतरी असेल."

तो थट्टेत म्हणाला, पण तिला ते लागलं. लागणारच. गेल्या आठवड्यातलं अजून ताजं होतं.

दोघंही एकाच इस्पितळाच्या औषधघरात कामाला. लग्नही तिथेच जमलेलं. कामाची रीत सरळ होती. वॉर्डातून चिठ्ठी आली की एकाने नाव मोठ्याने वाचून बाटली काढायची. दुसऱ्याने ती हातात घेऊन वरचं नाव बघायचं आणि बघितलेलं नाव म्हणायचं. दोघांचं जुळलं की बाटली वॉर्डात जायची. वाचायची ती, बघायचा तो. "तुझा आवाज खणखणीत आहे," असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत आला होता. इतक्या वर्षांत या जोडीकडे कुणाला बोट दाखवायला जागा मिळाली नव्हती.

आणि गेल्या आठवड्यात तिचा हात शेजारच्या बाटलीवर पडला. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने ऐन वेळी पाहिलं, म्हणून एक लेकरू वाचलं. बाटली काढली कुणी? तिने. कुणी विचारायच्या आतच तिने चूक कबूल केली. साहेबांनी तिला विश्रांतीसाठी घरी पाठवलं. नवऱ्याने चारचौघांत तिची बाजू घेतली. "दमलीय हो ती," तो म्हणाला. तेव्हा तिला रडू कोसळलं होतं.

तेव्हापासून तिला स्वतःचीच भीती वाटत होती. मिठाचा डबा उघडायचा तरी ती चाखून बघे. आणि आता पिटुकलीचं हे. आपल्यातलंच काही वाकडं पोरीत उतरलं असेल, तर तिने कुणाला तोंड दाखवायचं?

बाईंनी दोघींना आत बोलावलं.

"आधीच सांगते, पोरगी हुशार आहे. पण अक्षरं ओळखायला तिला फार जड जातं. यात कुणाचा दोष नसतो. पुष्कळदा घराण्यातच असतं. तुमच्याकडे आणखी कुणाला?"

"मला," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "माझ्यावरच गेलीय."

"लहानपणी वाचायला त्रास व्हायचा तुम्हाला?"

"नाही. वाचायचं तर वेड होतं. पण गेल्या आठवड्यात कामावर माझा हात चुकला..."

"अहो, हात कुणाचाही चुकतो. ते निराळं." बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "घरी वाचन कसं घेता?"

"मी आधी वाचते. मग ती पुस्तकात बघून तेच म्हणते. आमच्या कामावरची सवय."

बाईंनी खणातून एक कार्ड काढलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'बदक' लिहिलं होतं. आई दचकली, कारण बाई ठासून म्हणाल्या, "घोडा. बघून म्हण बरं, बाळ."

पिटुकलीने कार्ड दोन्ही हातांनी धरलं. कपाळाला आठी घालून नीट बघितलं, अक्षरांखालून बोटही फिरवलं.

"घोडा!"

'फूल' लिहिलेलं कार्ड पुढे करून बाई 'विमान' म्हणाल्या, तर तिने तेही बघून 'विमान' म्हटलं. बाईंनी पाठ थोपटून तिला खेळायला बाहेर पाठवलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "नीट शिकवलं तर ती वाचेल. लहान आहे, वेळेवर कळलं. नाहीतर अशी माणसं फार चतुर असतात, वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागू देत नाहीत."

आईला पुढचं ऐकूच आलं नाही. त्या दिवशी बाटली नवऱ्याच्या हातात होती. नाव त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने ते नीट बघितलं होतं, त्याखालून बोटही फिरवलं होतं. आणि ती जे म्हणाली, तेच म्हटलं होतं.

तिने त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने लगेच मुलांच्या वॉर्डाचा नंबर लावला.

"कोण, ताई?" सिस्टर हसून म्हणाली. "बरं वाटतंय ना? इकडची काळजी करू नका हो. तुमचे हे म्हणाले, चिठ्ठ्या कशाला, नावं फोनवरच सांगा. एकटे असून सगळ्या बाटल्या झटपट पाठवल्या त्यांनी. पोरांना आत्ताच पाजून झालं."