एका सेकंदाचं कोरं पान

या मंडळी, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही या, जागा आहे. गोष्ट एवढीशी आहे, आरतीचं तबक येईपर्यंत संपेल. पण मन लावून ऐकलीत तर सोबत घरी येईल.

कुरुळीच्या एका कारखान्यात, तपासणीच्या टेबलाशी मधुवंती उभी होती. तळवड्याच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी. तिचं काम आज पहिल्यांदा चालू होणार होतं. तपासणीच्या नोंदीचं पडद्यावरचं जुनं पान सगळं सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मुख्य संगणकावर, तयार व्हायचं. एक आकडा भरला की अख्खं पान पुसलं जायचं आणि नव्याने यायचं. मधुवंतीने त्याच जुन्या यंत्रणेत नवे भाग बसवले होते. आता पान जागचं हलत नव्हतं. आकडा भरला की कोष्टकात आपोआप जाऊन बसायचा, शेजारी खराब नगांच्या आलेखाची लाल पट्टी सरसर वर चढायची.

"झकास!" गुणवत्ता विभागाचे सुरेंद्र साहेब म्हणाले. "नाहीतर ते जुनं. बैलगाडी नुसती!"

टेबलामागे खुर्चीत शालनबाई बसल्या होत्या. जवळच्याच वाडीतल्या, आठ वर्षं याच खुर्चीवर. त्यांनी एक ट्रे तपासला. तीन नग खराब. त्यांनी तीन भरलं, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा तीन. पुन्हा बटण. जरा थांबून तिसऱ्यांदा.

लाल पट्टी नवावर गेली. पुढच्या ट्रेला दोनाचे सहा झाले. दहा वाजेपर्यंत पट्टी आलेखाच्या माथ्याला लागली आणि पडद्यावर सूचना आली : माल थांबवा.

सुरेंद्र साहेबांनी ट्रे स्वतः मोजले आणि कपाळाला हात लावला.

"अहो शालनबाई, एकदा दाबायचं! एकदा! शेंबडं पोरगं पण चालवेल हे."

साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर 'पॅकिंग, उद्यापासून' या ओळीपुढे त्यांचं नाव लिहिलं. पॅकिंगला खुर्ची नसते. आठ तास उभं राहायचं. शालनबाईंचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

"तुम्ही काळजी करू नका मॅडम," साहेब मधुवंतीला म्हणाले. "तुमचं काम एक नंबर आहे. माणूस बदलतो मी. दुपारी काम झाल्याची सही करून टाकू."

सही झाली की मधुवंती मोकळी. तिने लॅपटॉपची पिशवी उचललीसुद्धा. मग परत खाली ठेवली आणि शालनबाईंजवळ वाकली.

"मावशी, पहिल्यांदा दाबलं तेव्हाच नोंद झाली होती. मग परत का दाबलंत?"

"झाली हुती? मला कसं कळायचं, बाय?" शालनबाई हळूच म्हणाल्या. "पान पांढरं झालंच न्हाई. पांढरं झालं म्हंजी आकडा पोचला. तवर मी विठ्ठल म्हणते, ट्रे सारते, वर बघते तर पान हजर. आज त्येनं नाव घ्यायला उसंतच दिली न्हाई. मला वाटलं, घेतलंच न्हाई त्येनं."

मधुवंतीला एकदम आठवलं. जुन्या पानाच्या कोडमध्ये तिला पंधरा दिवसांपूर्वी एक ओळ सापडली होती. नोंद झाल्यावर पान मुद्दाम एक सेकंद कोरं ठेवणारी. शेजारी एवढंच लिहिलेलं : 'हे काढू नये. मारुतराव.' कारण दिलेलं नव्हतं. ऑफिसात सगळे खूप हसले होते. फुकटचा सेकंद म्हणून तिने तो काढून टाकला होता.

"मावशी, हे मारुतराव कोण?"

"त्ये व्हय? त्येंनीच केल्यालं जुनं पान. पार चार दिस माज्याशेजारी स्टुलावर बसलं हुतं. बोलायचं न्हाईत काय, नुसतं बघायचं. दोन वर्सं झाली, गेले बिचारे."

मधुवंती सरळ उभी राहिली.

"सर, चूक मावशींची नाही. माझी आहे."

"तुमची? तुम्ही तर वेग वाढवलात."

"हो. तीच चूक झाली."

तिने तिथंच, त्याच स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. सकाळच्या जादा नोंदी काढून टाकल्या; कोष्टक तसंच ठेवलं, आलेख तसाच ठेवला. फक्त मारुतरावांची ओळ जागेवर परत आणून नव्या पानाला जोडली. त्यांच्या शब्दांखाली तिने कारण लिहिलं.

"बघा मावशी आता."

शालनबाईंनी ट्रे ओढला. चार खराब. चार भरलं, एकदाच दाबलं. पडदा पांढरा झाला.

"विठ्ठल," शालनबाई म्हणाल्या आणि ट्रे सारला.

पान आलं. लाल पट्टी चारानेच चढली. पुढच्या ट्रेला एक, मग दोन. साहेब पाच ट्रे होईपर्यंत मागे उभे होते. मग फळ्याशी गेले आणि खडूने लिहिलेलं नाव त्यांनी तळहाताने पुसलं.

"मॅडम, सेकंद मात्र जातो हां," जाता जाता ते म्हणाले.

"जाऊ दे सर."

संपली गोष्ट. आता उठा, आरतीला उभे राहा. फक्त एक करा. कुठे, कधी, तुमच्यासमोरचा पडदा क्षणभर कोरा राहिला तर चिडू नका. तेवढ्या वेळात मारुतरावांची आठवण काढा.