डरकाळीनं फाटलेलं तोंड

“सांगितलं तर तुमचा कुणाचा इस्वास बसायचा नाय!” डोळखांबच्या चहाच्या टपरीवर मांडी ठोकून म्हातारा राघो म्हणाला आणि त्याला न्यायला आलेल्या वत्सलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या माहेरी, मुरबाडला, भाच्याच्या हळदीचं मटण शिजत होतं. रस्त्यावर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. आणि तिचा नवरा इथं गप्पा हाणत बसला होता.

महिना झाला, राघोच्या तोंडाचे दोन्ही कोपरे चिरले होते. घरातलं साजूक तूप त्यानं तिथं चोपडून संपवलं, शहापूरच्या डॉक्टरच्या ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या, पण चिरा काही भरत नव्हत्या.

“बिबट्या थेट दारात उभा,” राघो सांगत होता. “मी अशी डरकाळी फोडली, का तोंड दोन्हीकडनं टराटरा फाटलं. माळशेज घाट चढून पळाला तो, अजून खाली आला नाय!”

“मग आबा, यावर औषध काय?” टपरीवाल्या सुनिलनं हसत विचारलं.

“एकच औषध. त्यानं येऊन माझी माफी मागायची.”

तोंडाला पदर लावून उभी असलेली वत्सला आता तरातरा पुढं आली.


“खोटारडे कुठले! स्वतःची कवळी ओढ्यात घालवलीत, आन् बायकोची तोंडात कोंबून मिरवताय, मग कोपरे चिरतील नाय तर काय? काढा ती आधी, मला मटण खायचंय!”